घरचा बार

"साडूभाऊ, हा अंगरखा मशीनवर शिवलाय का?"

निशिकांतनं हे अगदी साधेपणानं विचारलं. हसला नाही, नाक मुरडलं नाही. माझा अंगरखा मांडीवर उलटा करून तो आतली शिवण बोटानं चाचपत होता, आणि माझी बायको मालन चहाचा कप घेऊन दारातच थबकली होती.

"मशीनवर न्हाई तर काय पायानं शिवायचा?" मी म्हणालो.

"तसं नाही हो. आतून टीप दिसते. तळावर तपासणीत अडवतील म्हणून विचारलं."

तेरा वर्षं मी तोच अंगरखा घालून तळावर जात होतो. तेरा वर्षं! आणि हा बाबा आयुष्यात पहिल्यांदा निघालेला, मला तपासणी शिकवत होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तळ म्हणजे काय, ते आधी सांगतो. दर माघात आमच्या भागातली चाळीसेक माणसं भैरीगडाच्या पायथ्याला तीन दिवस मुक्काम करतात, तोही तीनशे वर्षांपूर्वीच्या शिपायांसारखा. अंगात बाराबंदी नाहीतर अंगरखा, पायात कातडी वहाणा, स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर. काडेपेटी नाही, बॅटरी नाही, प्लास्टिकचं बटणसुद्धा नाही. पायवाटेच्या तोंडाशी ड्रॉइंगचे एक निवृत्त मास्तर बसतात आणि प्रत्येकाचं गाठोडं सोडून बघतात. मधल्या दिवशी, पोलिसांची परवानगी काढून, ठासणीच्या बंदुकांचे बार होतात. गोळी नाही, छर्रे नाहीत, नुसती दारू. नळीत वरून दारू ओतायची, चिंधीचा बोळा घालून गजानं ठासायची, नळीच्या बुडाशी भोक असतं, त्याच्या कानावर चिमूटभर रंजक म्हणजे बारीक दारू ठेवायची आणि तिला तोडा, म्हणजे सुताची जळती दोरी, लावायचा. बस्स. पण तो आवाज एकदा छातीत बसला की माणूस वर्षभर पुढच्या माघाची वाट बघतो.

पहिला बार आमच्या सासऱ्यांच्या बंदुकीचा. सगळ्यांत जुनी बंदूक त्यांची, म्हणून तो मान. सासऱ्यांना आम्ही जावई मामा म्हणायचो, मुली आबा. आंबेखोलात त्यांचं घर, दोन मुली, मुलगा नाही. थोरली मालन माझी, धाकटी रंजना निशिकांतची. लग्न झाल्या वर्षापासून मी मामांच्या मागं दारूचं शिंग गळ्यात अडकवून तळावर जायचो. बंदूक त्यांच्या खांद्यावर, शिंग माझ्या गळ्यात. मनात एकच, कधीतरी उलटं होईल.

त्या वर्षी ते व्हायचंच होतं. मामांचा गुडघा गेला होता. ते चढणार नव्हते, हे दिवाळीतच ठरलं. त्यांनी तोंडानं काही सांगितलं नव्हतं, पण बंदूक कुणाच्या खांद्यावर जाणार ह्यात विचारायचं काय होतं? थोरला जावई मी. गारगोटी गावातली माझी पिठाची गिरणी तीन दिवस बंद ठेवायचं मी गिऱ्हाइकांना महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात निशिकांतचं पत्र आलं, मीही येतो म्हणून.

पुण्याच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला माणूस. मला वाटलं, येईल भाड्याचा फेटा नि चमकीचा सदरा घेऊन, मास्तर दारातनंच परत लावतील. कसलं काय! त्यानं गाठोडं सोडलं आणि मी बघतच राहिलो. अंगरखा स्वतः हातानं शिवलेला. कारखान्याच्या बसमध्ये जाता-येता, तीन महिने. एकेक टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, सरळ. कातडी बटवा स्वतः केलेला. लाकडाची पळी स्वतः कोरलेली.

"बोटं बघा ह्यांची," रंजना कौतुकानं म्हणाली. "सुयांनी चाळण झालीय."

"इंजिनिअर कशाला झालासा, शिंपी व्हायला काय हरकत हुती?" मी म्हणालो.

निशिकांत सगळ्यांत मोठ्यानं हसला. असल्या माणसाला काय म्हणावं? टोमणा मारला तर हसतो. तुम्हाला खरं सांगतो, तो बढाईखोर असता ना, तर मला एवढं जड गेलं नसतं.

संध्याकाळी मामा सोप्यात खुर्ची टाकून बसले आणि तयारी बघायला लागले. गूळ, शेंगदाणे, नाचणीचं पीठ, सुकी मिरची, सगळं कापडी पिशव्यांत. मग चकमक. हे माझं दरवर्षीचं काम होतं. पोलाद, गारगोटीचा दगड आणि जळका कापूस घेऊन मी बसलो. ठक ठक ठक. ठिणगी पडे, कापूस पेटत नसे. थंडीतला दमट कापूस, काय करणार? दहा मिनिटं झाली, घाम फुटला.

"जरा बघू?" निशिकांत म्हणाला.

दुसऱ्या ठोक्याला पेटला. दुसऱ्या!

"वा रं गड्या!" मामा खुर्चीतनं अर्धे उठले. "कुठं शिकलासा हे?"

"गच्चीवर, मामा. महिनाभर रोज. सोसायटीवाल्यांनी एकदा तक्रार केली."

मामा खदखदून हसले. तेरा वर्षांत मामा माझ्यामुळं असे हसलेले मला आठवत नाहीत. माझ्यावर त्यांचा राग नव्हता, माया होती. पण मी घरातल्या पाटा-वरवंट्यासारखा. आहे तिथं आहे, त्याच्याकडं कोण बघतंय? आणि निशिकांत विचारायचा किती! ही नळी कुणी घडवली, रंजक वेगळी बारीक का दळतात, तोड्याला सुताची दोरी कशात भिजवतात. वहीत उतरून घ्यायचा. मामा फुलून सांगायचे. त्यांतलं निम्मं मला माहीतच नव्हतं. कधी विचारलं असतं तर ना.

दारू किती घालायची ते मामांनी त्याला दाखवलं. बांबूच्या पेराचं माप होतं, तीन मापं, जास्त नाही. मग लोखंडी नळीवर हात ठेवून आवाज खाली आणून म्हणाले, "एक ध्यानात ठेवा. ही म्हातारी हाय. तीन मापं सोसती, सहा न्हाई. पल्याडच्या गावात एकानं भरलेल्या बंदुकीत पुन्यांदा भरली. नळी फुटली, तीन बोटं गेली नि एक डोळा. म्हणून आमच्या घरात नेम हाय. बंदूक भरली की नळीला तांबडा दोरा बांधायचा. दोरा हाय तवर भरलेली, न्हाई तर रिकामी."

"दोरा म्हणजे भरलेली," निशिकांतनं वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"उद्या सकाळी घरचा बार हाय," मामा म्हणाले. "उद्या तुम्ही भरा बंदूक. मला बघायचंय."

माझ्या हातातला चकमकीचा दगड हातातच राहिला.

घरचा बार म्हणजे असं. बंदूक तळावर जायच्या आदल्या दिवशी अंगणात एक बार काढायचा. सगळी आळी गोळा होते, बायका बंदुकीला ओवाळतात. आणि घरचा बार जो काढील, तोच बंदूक घेऊन जाणार. आजवर मामाच भरायचे आणि मामाच काढायचे. आता भरायला सांगितलं निशिकांतला. म्हणजे काढणार कोण, हे शेंबडं पोरही सांगेल.

झोपायच्या आधी मालननं मीठ चोळलंच. "रंजी कशी फुगून फिरत हुती बघितलंसा? म्हणं आबांनी ह्यांना बंदूक भरायला सांगितली. आणि तुम्ही? जन्मभर शिंगच गळ्यात घालून हिंडा, नंदीबैलासारखं."

"गप की आता."

"मी गप बसते. पण उद्या आळी गप बसणार हाय का?"

मी कूस बदलली. डोळे मिटले की निशिकांतच्या खांद्यावर ती बंदूक दिसत होती.

सकाळी उठून बाहेर आलो तर मामा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून सोप्यात उभे. बंदूक हातात, गज नळीत. भरत होते. हल्ली त्यांचं असंच व्हायचं. चहा पिऊन झाल्यावर म्हणायचे, चहा दिला न्हाई कुणी. काल निशिकांतला सांगितलेलं डोक्यातून पार गेलं होतं आणि तीस वर्षांच्या सवयीनं हात आपले चालत होते. त्यांनी गज काढला, बंदूक भिंतीला टेकवली आणि खुंटीवरचा तांबडा दोरा माझ्या हातात दिला.

"सर्जेराव, एवढा बांधा. मी भैरीला नारळ देऊन येतो."

काठी टेकत ते गेले. मी दोरा घेऊन उभा राहिलो. मी बांधणार होतो, शपथेवर सांगतो. वाकलोसुद्धा होतो. तेवढ्यात माजघरातून निशिकांत आला, तो हातशिवणीचा अंगरखा घालून, डोक्याला व्यवस्थित पागोटं बांधून. दिसत होता, खोटं कशाला बोलू, एखाद्या जुन्या चित्रातल्या सरदारासारखा. मागं रंजना, डोळे भरून बघत.

मी दोरा मुठीत धरला आणि मूठ खिशात घातली.

त्यानं बंदुकीपाशी बसून वही उघडली. एकदा वाचली. नळीवरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "साडूभाऊ, रिकामी आहे ना?"

मी म्हणालो, "दोरा दिसतोय का कुठं?"

"नाही."

"मग?"

एवढंच. खोटं एक अक्षर नाही. पुढं किती वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नव्हतो.

त्यानं भरायला घेतलं. एक माप, दोन मापं, तीन मापं. चिंधीचा बोळा. गज. नळीतून गज वीतभर जास्त वर राहिला होता. मला दिसत होतं, त्याला कळणार कसं? मी मनाशी म्हणत होतो, काय होणार आहे? जोराचा धक्का बसेल, सरदार सगळ्या आळीसमोर ढुंगणावर आपटतील, पागोटं पडेल गटारात. मग मामा म्हणतील, हे पुण्याच्या माणसाचं काम न्हवं, सर्जेराव, घ्या बंदूक. तीन बोटं आणि एक डोळा मला आठवत नव्हता असं मी म्हणणार नाही. आठवत होता. मी तो बाजूला सारत होतो. त्यानं खुंटीकडं बघितलं, "दोरा कुठाय, आता बांधायला हवा ना?" म्हणाला. मी म्हणालो, "राहू द्या, आता लगेच बार काढायचाय." तेही खोटं नव्हतं.

आठ वाजता आळी जमली. पोरं जोत्यावर चढली, म्हातारे भिंतीच्या उन्हाला बसले. मामा देवळातून आले. सकाळी स्वतः भरल्याचं आता विसरले होते आणि कालचं बोलणं आठवलं होतं. "भरलीसा?" त्यांनी निशिकांतला विचारलं.

"हो मामा. तीन मापं."

"शाब्बास."

मालननं आणि रंजनानं बंदुकीला ओवाळलं. कुंकू लावलं. मालनचा चेहरा नुसता दगड झाला होता. मामांनी बंदूक दोन्ही हातांवर घेतली, निशिकांतपुढं आले, आणि तिथून वळून माझ्यापुढं उभे राहिले.

"घ्या," ते म्हणाले.

मला कळेना.

"घ्या की सर्जेराव. तेरा वर्षं माझ्या मागनं शिंग वागवलंसा. कधी तोंडातनं चकार शब्द न्हाई. मी बघत न्हवतो असं वाटलं व्हय?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या घरात आजवर एकच माणूस भरायचा नि तोच उडवायचा, कारण घरात पुरुष एकच हुता. आता दोन हायती. धाकट्यानं भरायची, थोरल्यानं उडवायची. एकमेकांवर भरवसा ठेवून. हीच आता रीत."

आळीनं टाळ्या वाजवल्या. मालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि माझ्या हातात ती बंदूक. तेरा वर्षं जिच्यासाठी जळलो ती. एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं.

निशिकांतनं चकमक झाडली, तोडा पेटवला आणि फुंकर घालून माझ्या हातात दिला. "मनापासून आनंद झाला, साडूभाऊ," तो हळूच म्हणाला. "तुमचाच मान होता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कानावर रंजक ठेवली. अर्धी खाली सांडली. "रंजक दमट वाटतीया," मी म्हणालो.

"कालच वाळवलीया," मामा म्हणाले. "उडवा."

पोरांनी कानात बोटं घातली. मी दस्ता खांद्याला लावला. मला वाटलं, उडवावं. आपणच भोगावं. कदाचित काही होणारही नाही, लोखंड जुनं असलं तरी जाड आहे. आणि खरं सांगू? बोलून टाकायची लाज बोटं जाण्याहून जास्त वाटत होती. तोडा कानापर्यंत नेला. तेवढ्यात निशिकांत पुढं सरकला आणि अगदी माझ्या खांद्याशी, नळीच्या बुडाशी तोंड आणून वाकला.

"लांब व्हा," मी म्हणालो.

"रंजक पेटताना कशी दिसते ते बघायचंय. वहीत लिहायचं राहिलंय."

"लांब व्हा म्हणतो न्हवं!"

"राहू दे की सर्जेराव," मामा म्हणाले. "बघू द्या त्यास्नी."

तो तसाच वाकलेला. डोळे रंजकीवर, टक लावून. दोन्ही डोळे.

मी तोडा जमिनीवर टाकला आणि टाचेखाली चिरडला. वहाणेतून चटका बसला.

"दोनदा भरलीया," मी म्हणालो.

मामांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली, रंजक झटकली, नळीत गज सोडला. गज नेहमीपेक्षा वीतभर जास्त बाहेर.

"कुणी? एकदा ह्यांनी, आणि..." आणि मग त्यांना आठवलं. कपाळावर हात गेला. "सकाळी. मीच. आरं द्येवा." त्यांनी मान वर केली. "पर मी दोरा दिला हुता. सर्जेराव, तुमच्याजवळ दिला हुता बांधायला."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, आज सांगता येत नाही. खरं बोलणार होतो असं म्हणायला फार आवडेल.

"दोरा होता, मामा," निशिकांत म्हणाला. "मीच सोडला."

"काय?"

"मला वाटलं, पूजेचा आहे. शोभेचा. भरताना मधे येत होता म्हणून सोडून ठेवला."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग भिंतीपाशी बसलेला एक म्हातारा ख्या ख्या करून हसला, आणि अख्खी आळी सुटली. शोभेचा दोरा! पुण्याचं जावई! वहीत लिहून घेतलं हुतं म्हणं! जोत्यावरची पोरं पोट धरून हसत होती. निशिकांत मधोमध उभा, कान लाल झालेले, आणि तोही हसत होता. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मामा हसले नाहीत. "काल एवढं सांगितलं. रेघ मारलीसा तिच्याखाली," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. "बंदुकीला पुन्यांदा हात लावायचा न्हाई. तळावर जावा, भाकऱ्या भाजा. बंदूक सर्जेरावांची. त्यांनी वळखलं म्हणून माणसं वाचली."

"हो मामा," निशिकांत म्हणाला.

"दोरा कुठं टाकलासा?"

"इथंच कुठंतरी पडला असेल."

मग रंजना दोरा शोधायला लागली. सोप्यात, खाटेखाली, दाराआड, केरसुणीनं, हातानं. रडत होती आणि शोधत होती. पाव घटका तरी. मी तिथंच उभा होतो आणि माझी मूठ खिशात होती.

दुपारी मामांनी नळीत ऊन पाणी ओतून दारू भिजवली, गजाला आकडा लावून बोळे काढले, एकामागून एक, दोन. नळी वाळवली. दिवस कलता मी घरचा बार काढला. झकास झाला. मालननं माझी दृष्ट काढली. "मी म्हणत हुते न्हवं," ती म्हणाली, "शहरातल्या माणसाला काय कळतंय?" मी तिथून उठलो. दोरा परसात चुलवणात टाकला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गडाच्या पायथ्याला गेलो. बंदूक माझ्या खांद्यावर, तवा आणि पातेली त्याच्या डोक्यावर. मास्तरांनी त्याचा अंगरखा आतून-बाहेरून बघितला आणि सगळ्यांना दाखवला. मग माझा बघितला. "पोवार, अजून मशीनचाच का?" म्हणाले, पण मामांची बंदूक बघून सोडलं. तिसऱ्या प्रहरी दोघेही गुमान तंबू ठोकत होतो. मला वाटत होतं, आत्ता बोलेल, मग बोलेल. शिव्या घालेल, गचांडी धरेल. नाही. खुंट धरा, दोरी ओढा, एवढंच.

मधल्या दिवशी सकाळी मी तळावरचा पहिला बार काढला. चाळीस माणसांनी आरोळी ठोकली. डोंगरातून आवाज फिरून आला. लोक येऊन खांद्यावर थापा मारत होते. निशिकांत लांब चुलीपाशी होता. बार झाला तेव्हा त्यानं हात वर करून दाद दिली आणि पुन्हा भाकरी थापायला लागला.

दुपारच्या जेवणाआधी मी चुलीपाशी गेलो. कुळथाची आमटी रटरटत होती, तो त्याच्याच पळीनं ढवळत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी दगडावर बसलो.

"खोटं का बोललासा?"

तो चुलीत फुंकर घालत राहिला. "तुम्ही तोडा विझवलात ना."

"त्याच्या आधी..."

"आधीचं मला माहीत आहे, साडूभाऊ. मी विचारलं होतं तुम्हाला. तुमची मूठ खिशात होती, तेही बघितलं होतं. अर्थ नंतर लागला, अंगणात." धुरानं त्याचे डोळे चुरचुरत होते, ते त्यानं बाहीला पुसले. "मामांनी तुमच्या हातात बंदूक दिली तेव्हा त्यांचं तोंड बघितलंत? मी बघितलं. दोन मुलगे झाल्यासारखं करत होते. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं."

"आणि तुमचं हसं झालं ते?"

"मी काय, पुण्याचा जावई. मला हसायला लोकांना कारण लागतं थोडंच?" तो खरंच हसला. "सोडा. ताट घ्या, गरम आहे."

त्याचे पाय धरायला हवे होते. निदान हात तरी. ह्याला एकतीस वर्षं झाली. मामा गेले, बंदूक माझ्या नावावर झाली, माझा हात धरून मामा गेले आणि जाताना "भरवशाचा माणूस" म्हणाले. निशिकांत गेल्या पावसाळ्यात गेला. आता बोलायला काय, मी काहीही बोलू शकतो. पण तेव्हा, त्या चुलीपाशी, मला काय वाटलं ते सांगतो. मला वाटलं, ह्यातही हाच पुढं. अंगरखा ह्याचा चांगला, चकमक ह्याची चांगली, आणि मन, तेही ह्याचंच मोठं. बंदूक मिळाली, मान मिळाला, आणि पोटातली आग होती तिथंच होती. उलट भडकली.

त्यानं ताटात आमटी वाढली. मी भाकरी मोडून बुडवली, घास घेतला. अशी आमटी मी जन्मात खाल्ली नव्हती.

"मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

"हो का?" त्याचा चेहरा पडला. चाखून बघितली नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, परत. घागर उचलली आणि पातेल्यात दोन तांबे पाणी ओतलं.

त्या दिवशी तळावरच्या चाळीस माणसांनी पाणचट आमटी खाल्ली. आणि निशिकांत पंगतीतून वाढत फिरताना प्रत्येकाला सांगत होता, "सांभाळून घ्या हां, माझ्याच हातून बिघडली."